दूध उतू जाईपर्यंत

थोरलीचा धंदा दातांचा. म्हणजे दात काढायचा नव्हे, ते डॉक्टर करतात. थोरली दात बनवायची. एका अरुंद, लांबुडक्या खोलीत पांढऱ्या दिव्याखाली बसून ती परक्यांच्या जबड्यांच्या साच्यांवर मेणाच्या हिरड्या चढवायची, त्यांत एकेक दात बसवायची, आणि कवळी तयार झाली की तिला हातात धरून विचारायची, "काय गं, नीट चावशील ना?" ज्यांच्या तोंडात ती जायची ती माणसं तिला कधी भेटत नसत. पण दुकानात, रस्त्यात कुणी अनोळखी म्हातारा तोंडभर हसला की ती मनात म्हणायची, 'अय्या, हे तर माझेच दात!' तुकड्यावरून माणूस ओळखायची तिला सवयच जडली होती.

नवऱ्याची तऱ्हाही तीच. त्याचं कोपऱ्यावर सलून होतं आणि दिवसभर तो लोकांच्या माना बघायचा. "चेहऱ्यावर जाऊ नये," असं त्याचं ठाम मत. "चेहरा फसवतो. मान खोटं बोलत नाही." रस्त्याने पुढे चाललेल्या माणसाला मागूनच नावाने हाक मारायची, आणि तो वळला की बायकोकडे बघून भुवया उडवायच्या, हा त्याचा आवडता खेळ. एकदाही चुकला नव्हता, असं तो सांगायचा. चुकला असता तरी त्याने सांगितलं असतं का, हा भाग वेगळा.

असं हे जोडपं. आणि तरी व्हायचा तो घोटाळा झालाच.

सुट्टीवरून परत आल्याला थोडेच दिवस झाले होते. चहाच्या वेळी थोरलीच्या शेजारी कवळ्यांना झिलई करणारी पोरगी बसायची. हात मशीनवर आणि डोळे मोबाइलवर, असं तिचं चालायचं. त्या दिवशी तिने मोबाइल थोरलीच्या नाकासमोर धरला.

"ताई, हे बघा. जीव गेला माझा हा फोटो बघून."

"जीव गेला म्हणतेस आणि बिस्किटं बरी खातेस," थोरली म्हणाली आणि बघू लागली.

फोटोत एक खिडकी होती. खिडकीबाहेर पाणी, सकाळचं, हललं न हललं असं. आणि खिडकीत एक पाठमोरी बाई उभी होती. अंगात सैल निळा सदरा, ओले केस वर गुंडाळून त्यांत पेन्सिल खोचलेली, उघडी मान, एक हात चौकटीवर. बस्स. खाली एकच शब्द लिहिला होता, 'सुट्टी.' आणि त्याखाली अनोळखी बायकांच्या शेऱ्यांची ही रांग लागलेली.

थोरली बघत राहिली. तिला त्या बाईचा हेवा वाटला, अगदी सरळ, न लपवण्याजोगा. काय नशीब एकेकीचं, तिला वाटलं. हिला म्हणतात सुट्टी. नाहीतर आम्ही!

मग तिला चमचा दिसला. खिडकीची खिट्टी मोडकी होती आणि झडप वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे कुणीतरी वाकड्या दांड्याचा चमचा अडकवला होता. असा दांडा वाकलेला चमचा थोरलीने आधी कुठेतरी पाहिला होता. कुठे बरं? घरच्या साखरेच्या डब्यात, जो ती सुट्टीलाही बरोबर घेऊन गेली होती. आणि मोडक्या खिट्टीत तो अडकवला कुणी होता? तिनेच.

 आधी चमचा ओळखला, मग खिडकी, मग धाकट्या जावेचा निळा सदरा, आणि सगळ्यांत शेवटी ती बाई. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, असं लोक दुसऱ्याचे दोष काढताना म्हणतात. थोरलीला तिची पाठ दिसली, आणि ती चक्क दुसऱ्या कुणाची वाटली.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. बिस्किट दे एक."

आता त्या सुट्टीबद्दल थोडं सांगायला हवं. थोरलीच्या दिराने तळ्याकाठचं एक घर भाड्याने घेतलं होतं. दोघे भाऊ, दोघी जावा, सासूबाई आणि थोरलीची सोळा वर्षांची लेक. "मस्त घरगुती सुट्टी," दीर म्हणाला होता. त्यातला 'घरगुती' हा शब्द पुरुषांनी ऐकला तो वेगळा आणि बायकांनी ऐकला तो वेगळा. हॉटेलात निदान ताट समोर येतं. इथे ताट होतं, ओटा होता, गॅस होता, आणि कुठला डबा कुठे आहे ते माहीत नव्हतं. म्हणजे घरचंच काम, फक्त परक्याच्या स्वयंपाकघरात, धार नसलेल्या सुरीने. "हवापालट झाला की भूक कशी लागते बघ!" असं नवरा दर जेवणाला म्हणायचा आणि थोरली मनात म्हणायची, 'बघतेय ना, मीच बघतेय.' पाठ टेकायची म्हटली तर रात्रीच.

धाकटीही कामाला मागे नव्हती, पण तिचं आणखी एक काम असायचं. कांदा चिरता चिरता ती हात धुवायची, पायरीवर जाऊन पुस्तक मांडीवर उघडून बसायची, फोटो काढून घ्यायची आणि परत येऊन उरलेला कांदा चिरायची. संध्याकाळी फोटोखाली लिहिलेलं असायचं, 'फक्त मी आणि शांतता.' थोरलीला आधी हसू यायचं. मग तिला प्रश्न पडू लागला. त्या फोटोतल्या धाकटीकडे बघताना खुद्द धाकटीला काय वाटत असेल? ओळख पटत असेल का?

आणि एका सकाळी दूध उतू गेलं. नुसतं उतू गेलं नाही, खाली लागलं, पातेलं काळं झालं, घरभर वास सुटला. जिच्या हातून आजवर थेंब सांडला नाही तिच्या हातून! मग काय, उरलेली सुट्टी सगळ्यांना चघळायला विषय मिळाला. "वहिनी, आज दुधाकडे कोण बघणार?" दीर विचारायचा. नवरा म्हणायचा, "अरे, ती पण सुट्टीवर आहे." आणि सगळे हसायचे. थोरलीही हसायची. न हसून सांगते कुणाला?

संध्याकाळी तिने धाकटीला फोन लावला.

"वहिनी, रागावू नका हं," धाकटी नमस्कार-चमत्काराच्या आधीच म्हणाली. "मी तुम्हाला सांगणारच होते. एवढं होईल असं मला काय माहीत!"

"रागवत नाहीये, विचारतेय. कधी काढलास?"

"ते दूध गेलं ना, त्याच्या जरा आधी. तुमच्या अंगावर तेल उडालं म्हणून माझा सदरा दिला होता बघा. मी पाणी प्यायला आले तर तुम्ही अशा उभ्या. मला वाटलं, हाक मारली तर मोडेल."

"काय मोडेल?"

"ते नीट सांगता येत नाही. तुमचं ते उभं राहणं."

 थोरलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "म्हणजे तू तिथे होतीस. मग दूध वर येताना तुला नाही दिसलं?"



"दिसलं," धाकटी बारीक आवाजात म्हणाली. "खरं सांगू का? मी आधी फोटो काढला."

"आणि नंतर सगळे मला फाडून खात होते तेव्हा?"

"पातेलं मी घासलं ना, वहिनी!"

थोरलीला हसूच फुटलं. धाकटीवर राग धरणं तिला कधी जमलं नाही, आणि फोटोपायी दूध घालवणारी ही पहिलीच बाई असेल, असंही तिला वाटलं.

"लोक विचारतायत हो, कोण ही बाई," धाकटीला धीर आला. "टाकू का तुमचं नाव?"

"थांब जरा. आधी घरच्यांना ओळखू दे."

"त्यात काय! दादा तर अख्खी वस्ती मानेवरून ओळखतात."

"बघू या ना." थोरलीच्या आवाजात काहीतरी चमकलं. "लावतेस पैज? पुढच्या वर्षी तेच घर घ्यायचंय ना? सोमवारी दोघे भाऊ बोलून ठरवणार आहेत. तोवर यांनी मला ओळखलं तर टाक माझं नाव. मी पुढच्या वर्षी येते आणि हसत हसत सगळ्यांचं करते. एक अक्षर बोलणार नाही."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर येते. पण स्वयंपाकघरात पाऊल ठेवणार नाही. काय खायचं ते ज्याचं त्याने बघावं."

"अगं बाई," धाकटी म्हणाली. "मग मी कुणाच्या बाजूने?"

पैज मोठी विचित्र होती. जिंकली तरी तिलाच झोंबणार होती. कारण थोरलीला मनातून हवं होतं ते एकच. त्याने ओळखावं. बाकी गेलं तळ्यात.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने नवऱ्यापुढे मोबाइल धरला. "अहो, हे बघा. मानेवरून काही सांगता येतंय का?"

नवऱ्याने चष्मा पुसला. असल्या कामाला त्याला आग्रह लागत नसे. दोन बोटांनी फोटो मोठा केला, मान तिरकी करून पाहिला, जीभ टाळ्याला लावून चुक् केलं.

"ओळखीची वाटतेय," तो म्हणाला.

थोरली जवळ सरकली.

"आता सांगतो थांब. ही औषधांच्या दुकानवाल्याची बहीण. त्याच घराण्याची मान. डावीकडे अशी किंचित कललेली. त्याचे वडीलही असेच होते."

"त्याला बहीण आहे?"

"असणारच. मान सांगतेय ना!"

"आणि आणखी काय सांगतेय मान?"

"बाई निवांत आहे. कामाच्या माणसाची मान पुढे आलेली असते, हिच्या मानेवर काही ओझंच नाही. हिच्या घरी कामाला माणसं असणार. नाहीतर लग्न झालेलं नसणार." त्याने मोबाइल परत दिला. "केस मात्र कुणीतरी बेकार कापलेत मागून."

ते थोरलीने स्वतःच कापले होते, न्हाणीघरातल्या आरशापुढे, अंदाजाने. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने औषधवाल्याला सलूनच्या दारात अडवून विचारलं, तर त्याला बहीणच नव्हती. मग दोन दिवस त्याचा तोच नाद. बँकेतली पासबुकं भरणारी असेल का, समोरच्या शिंप्याची मेहुणी असेल का. इतक्या बायकांच्या माना याच्या ध्यानात आहेत तरी कशा, असाही एक प्रश्न थोरलीला पडला, पण तो तिने पुढच्या वेळेसाठी राखून ठेवला.

लेकीला विचारायची गरजच पडली नाही. तिच्या मैत्रिणींत तो फोटो आधीच फिरत होता.

"माझ्या एका मैत्रिणीने तर मोबाइलला तोच लावलाय," लेक म्हणाली. "मला पण मोठी झाल्यावर असं व्हायचंय."

"असं म्हणजे कसं गं?"

"असंच. कुणाचीच नसलेली." लेकीने केसांना रबर लावत आरशात पाहिलं. "तुझ्यासारखी सारखी धावपळ नको बाबा मला. रागवू नकोस हं, आई."

थोरली रागावली नाही. तिला वाईट वाटलं आणि त्याच दमात आनंदही झाला, आणि दोन्ही एकाच वेळी झाल्यामुळे ती डबा भरायचं विसरून झाकण लावून बसली. लेकीला आपल्यासारखं व्हायचं नाही आणि आपल्यासारखंच व्हायचंय. हे कुणाला सांगावं, आणि सांगितलं तर पटेल कुणाला?

सासूबाईंची नजर अधू. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. तोंडातली कवळी थोरलीनेच केलेली, ती त्यांनी विचार करताना करायच्या तशी जिभेने हलवली. मग विचारलं,

"हिच्या गॅसवर काही नाही का?"

"काय?"

"नाही म्हटलं, सकाळची वेळ दिसतेय. ही अशी उभी आहे. गॅसवर काही असेल तर बघतंय कोण?"

थोरलीच्या अंगावर काटा आला. एवढ्या लोकांनी एवढं लिहिलं होतं फोटोखाली, पण हा प्रश्न एकीलाही सुचला नव्हता. "होतं, आई," ती म्हणाली. "दूध होतं."

"मग गेलं असेल उतू," म्हातारी म्हणाली आणि मोबाइल परत दिला. तिने ओळखलं की नाही, हे थोरलीला समजलं नाही. सासूबाईंच्या बाबतीत ते कधीच समजत नसे.

फोटोखालचं ते लिखाण थोरली रोज वाचू लागली. कामावर मेण गरम होईपर्यंत, बसची वाट बघताना, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. कुणी लिहिलं होतं, 'हिचा नवरा बोटीवर असणार, ती वाट बघतेय.' कुणी लिहिलं होतं, 'घटस्फोट झालाय, पैजेवर सांगते.' एकीला ती कवयित्री वाटली, एकीला विधवा. एकीने एवढंच लिहिलं होतं, 'खांदे बघा. हिला बराच वेळ कुणी हाक मारलेली नाही.' आणि पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तोंडांनी तोच प्रश्न येत होता. ही बाई बघतेय तरी काय?

ते मात्र फक्त थोरलीला माहीत होतं. नवरा नाही, घटस्फोट नाही, कविता तर नाहीच नाही. पाण्याच्या कडेला एक म्हातारा त्याच्या कुत्र्याला होडीत चढवत होता. कुत्रा एक पाय होडीत ठेवायचा, होडी हलायची, तो पाय मागे घ्यायचा. म्हातारा काही बोलत नव्हता, ओढतही नव्हता. नुसता होडीत बसून होता. कुत्र्याने पुन्हा पाय उचलला. आता चढतोय की नाही, हे बघायचं होतं. तेवढंच. जगातलं दुसरं काहीही तिला त्या क्षणी नको होतं. आणि मागून वास आला, आणि ती वळली, आणि पातेलं उतरवून, ओटा पुसून, चार बोलणी खाऊन पुन्हा खिडकीशी आली तेव्हा होडीही नव्हती आणि कुत्राही नव्हता.

चढला असेल का? हा प्रश्न तिला सुट्टीवरून परत आल्यावरही सोडत नव्हता. तिने फोटो मोठा करून करून पाहिला. पाण्याच्या कडेला एक काळा ठिपका होता, कुत्रा असेल किंवा खुंटाही असेल.

सोमवार उजाडला. सोमवारी सलून बंद, म्हणून दुपारी सगळे घरी. थोरलीनेही रजा घेतली होती. अशा दिवसाला ती 'सुट्टी' म्हणायची आणि त्या सुट्टीत पडदे धुवायची. टेबलाशी नवरा दिराशी फोनवर बोलत होता. "हो हो, तेच घर घे. सगळ्यांना आवडलं. हिला काय विचारायचं, ही यायचीच."

ओल्या पडद्यांची बादली घेऊन थोरली दारात थांबली. आज ठरलं की संपलं.

"बाबा, ती तळ्याजवळची बाई अजून सापडली नाही ना तुम्हाला?" लेकीने फोटो काढून त्याच्यासमोर धरला. "मानेवरून ओळखतात म्हणे!" आणि मग ती थबकली. "एक मिनिट. हा चमचा बघा. दांडा वाकलाय."

"मग?"

"अहो, हा आपल्या साखरेच्या डब्यातला! मी लहानपणी त्याने खिळा उपटत होते तेव्हा वाकला. आणि ही खिडकी... बाबा, हे आपलंच घर आहे, तळ्याचं!" ती ओरडलीच. "म्हणजे ही काकू! सदरा काकूचाच आहे!"

"तरीच म्हटलं मान ओळखीची," नवरा म्हणाला.

"काकूची उंची एवढी कुठेय?" खाटेवरून सासूबाई म्हणाल्या.

हे सगळ्यांनाच पटलं. धाकटी बुटकी.  त्या घरात बायका होत्याच किती? फोनवर दीर "हॅलो, हॅलो" करत राहिला. एकेक करून तीन तोंडं दाराकडे वळली, जिथे थोरली बादली घेऊन उभी होती.

"आई?" लेक म्हणाली.

नवऱ्याने मोबाइलकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. "वळ बघू जरा," तो म्हणाला.

"नाही वळत," थोरली म्हणाली. "चमचा ओळखलात ना सगळ्यांनी? झालं तर मग." आणि पडदे वाळत घालायला गच्चीवर निघून गेली. तिला राग आला होता, चांगलाच आला होता, आणि पडदे तिने असे झटकले की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

बऱ्याच वेळाने नवरा वर आला. येऊन पडद्याचं दुसरं टोक धरलं. ते त्याला नीट धरता आलं नाही, पण धरलं.

"मी दिवसाला चाळीस माना बघतो," तो म्हणाला.

"माहितीये."

"तुझी रोज बघतो. ओट्याशी, बेसिनशी, मशीनशी. ती मान मला झोपेतही ओळखता येईल." तो अडखळला. बोलणं हा त्याचा प्रांत, पण गिऱ्हाइकांशी. "पण ती वाकलेली असते. ही बाई निवांत उभी होती. तुला मी निवांत उभी असलेली कधी पाहिलीच नाही. कशी ओळखणार?"

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. राग पुरता गेला नव्हता, पण आता तो एकट्या त्याच्यावर राहिला नव्हता. खोटं बोलणं तिला जमेना.

"मीही नाही ओळखलं," ती म्हणाली. "मीही आधी चमचाच ओळखला."

दोघं त्या ओल्या पडद्याच्या दोन बाजूंना उभी राहिली. मग तिने त्याला पैज सांगितली. त्याचा चेहरा जो पडला, तो बघून तिला जरा बरं वाटलं.

"म्हणजे पुढच्या वर्षी करायचं कुणी?"

"तो माझा प्रश्न नाही."

"मला दूधसुद्धा तापवता येत नाही गं."

"वर्ष आहे हातात. शिका."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरोखरच सलून उघडायच्या आधी स्वयंपाकघरात आला, बाह्या वर केलेल्या, जणू कुणाची दाढी करायचीय. "तू तिथे खिडकीत उभी राहा," तो म्हणाला. "दूध मी बघतो."

थोरली खिडकीत जाऊन उभी राहिली. एक हात चौकटीवर ठेवला. अगदी फोटोतल्यासारखा.

"खांदे खाली," मागून सूचना आली. "वर आलेत. कान इकडेच आहेत तुझे."

खरंच होतं. तिचे डोळे बाहेर होते आणि कान पातेल्यात. आता बुडबुडे धरले असतील, आता कडेला साय सुटली असेल. निवांत उभं राहायचं म्हणून उभं राहता येत नाही, हे तिला तेव्हा कळलं. तळ्याकाठी ती उभी राहिली नव्हती, कुत्र्याने तिला उभं केलं होतं.

"तुम्ही माझ्याकडे बघताय," ती न वळता म्हणाली.

"मग?"

"दुधाकडे बघा."

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. संशय येऊन थोरली वळली. आणि बघतच राहिली. तिच्या ओट्याशी, तिच्या गॅससमोर, एक पाठमोरा माणूस उभा होता. पाय फाकलेले, कोपरं वर, एका हातात सांडशी, आणि मान अशी पुढे आलेली की पातेल्यात पडेल. डोळ्यांत तेल घालून तो दूध राखत होता. बाजारात दिसला असता तर तिने त्याला ओळखलं नसतं, शपथेवर. इतक्या वर्षांच्या संसारात ही पाठ तिने इथे कधी पाहिलीच नव्हती.

तिने हळूच मोबाइल उचलला आणि फोटो काढला. धाकटीला पाठवला. खाली लिहिलं, 'ओळख पाहू, कोण?'

धाकटीचं उत्तर लगेच आलं. मोबाइल तिच्या हातातच असतो. 'अय्या वहिनी, स्वयंपाकाला माणूस ठेवलात? आणि मला बोलला नाहीत!'

थोरलीने तोंडावर हात दाबला, पण हसू बाहेर आलंच.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं. वळायची त्याची हिंमत नव्हती. दूध वर यायला लागलं होतं.

"काही नाही. तुम्ही तिकडे लक्ष द्या," ती म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडे वळली. समोरच्या भिंतीवर एक मांजर बसलं होतं. पलीकडची गच्ची बरीच लांब होती. मांजराने अंतर जोखलं, मागचे पाय आवळले, पुन्हा सैल सोडले, पुन्हा आवळले. उडी मारतंय की नाही, हे तिला या वेळी शेवटपर्यंत बघायचं होतं.